तिघांना दिसलेला जांभळा रंग

मला बघायला आलेल्या पहिल्या स्थळानं मला नापसंत केलं, ते नायट्रिक ॲसिडमुळं. आदल्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. ॲसिडचे थेंब उडाले आणि दहा नाही तरी सहा बोटं पिवळीजर्द झाली. हा पिवळा साबणानं जात नाही, राखेनं जात नाही, नवी कातडी येईपर्यंत वाट बघावी लागते. मी पोह्यांची बशी पुढं केली. मुलाच्या आत्यानं पोहे बघितलेच नाहीत, बोटं बघितली. जाताना दारात माझ्या आईला हळूच म्हणाली, "पोरगी चांगली हाय हो, पर कावीळ अंगात मुरल्याली दिसायलीय."

आईला मी ॲसिडचं सगळं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढं महिनाभर मला रोज उसाचा रस पाजला.

मी मात्र खुशीत होते. मला त्या वयात वाटायचं की मी कुणीतरी मोठी शास्त्रज्ञ होणार आहे आणि विज्ञानासाठी हा माझा पहिला त्याग आहे. आज सत्तरीला टेकलेय. नात विचारते, "आजी, तू नोकरीत नेमकं काय केलंस गं?" मी सांगते, "बाटल्यांना नंबर लावले." ती हसते. तिला वाटतं आजी थट्टा करतेय. पण खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या नोकरीतली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एका बाटलीचीच आहे, आणि तिच्यावरचा नंबर मीच लावला होता.

आधी हे सेंद्रिय रसायनशास्त्र काय असतं ते सांगते, कारण आमच्या घरात अजून निम्म्या लोकांना ते खतांचं शास्त्र वाटतं. शेतातलं सेंद्रिय वेगळं. हे कार्बनचं शास्त्र. साखर, तेल, कापूस, कपाटातली डांबरगोळी, डोकेदुखीची गोळी, सगळ्यांच्या आत कार्बन बसलेला असतो आणि त्यानं कुणाकुणाचा हात कसा धरलाय, एवढंच शिकायचं असतं. वाचायला सोपं वाटतं. मी परभणीला आत्याकडं राहून बी.एस्सी. केलं, तेव्हा मलाही सोपंच वाटलं होतं, कारण मला ते कळलंच नव्हतं.

आमचे सर फळ्याकडं तोंड करून शिकवायचे. दोन वर्षांत त्यांची पाठ मला गर्दीतही ओळखता येईल एवढी पाठ झाली, पण चेहऱ्याबद्दल खात्री नव्हती. ते फळाभर षटकोन काढत जायचे, आम्ही वहीभर षटकोन काढत जायचो. हा षटकोन म्हणजे बेंझीन, या शास्त्राचं कुलदैवत. आत्या माझी वही बघून शेजारणीला सांगायची, "आमची पोरगी पंधरा दिवसांपासून मधमाशांचं घर काढायलीय, अजून मध काई आला न्हाई." अभिक्रिया मी आरतीच्या चालीत पाठ केल्या होत्या. मधेच कुणी विचारलं की हा अणू इथनं तिथं का गेला, तर मला पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागायचं.

तरी प्रयोगशाळा मला आवडायची. तिथला मुख्य खेळ असा. तुम्हाला एक बाटली मिळते, तिच्यावर फक्त नंबर. आत चिमूट-दोन चिमूट पांढरी पावडर किंवा थोडंसं तेलकट काहीतरी. हे काय आहे ते ओळखायचं. चव घ्यायची नाही, बाकी सगळं करायचं. पाण्यात विरघळतं का, सोड्यात फसफसतं का, या द्रावणानं कोणता रंग येतो, त्या द्रावणानं कोणता साका बसतो. मग केसासारख्या बारीक काचनळीत पावडर भरून, ती थर्मामीटरला दोऱ्यानं बांधून तेलात तापवायची. कोणत्या डिग्रीला वितळतं ते बघायचं. माणसाला जसं नाव-गाव असतं, तसा प्रत्येक पदार्थाला वितळायचा आकडा असतो, आणि तो बदलत नाही.

हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात दुसरीही एक पद्धत होती आणि ती जवळपास सगळ्या कॉलेजांत होती. प्रयोगशाळेतले मामा. शिपाई म्हणून लागलेले, पण कोणत्या बाटलीत काय आहे ते सरांच्या खालोखाल त्यांनाच ठाऊक. परीक्षेत ते पाण्याची बादली घेऊन फिरायचे आणि फिरता फिरता कान खाजवायचे, कपाळ पुसायचे, गुडघा चोळायचे. प्रत्येक हालचालीला एक पदार्थ. नवख्या परीक्षकाला वाटायचं, बिचाऱ्याला खरूज झालीय.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत मला अनिलिन होतं. त्याची शेवटची खूण म्हणजे बर्फात गार करून त्यात दुसरं द्रावण ओतलं की एकदम केशरी-लाल रंग उसळतो. बर्फाशिवाय तो यायचा नाही. एप्रिलचा महिना, परभणीचं ऊन, आणि बर्फ रसवंतीवाल्याकडून पोत्यात गुंडाळून आणलेला. माझी पाळी येईपर्यंत पोत्यात फक्त ओल उरली होती. माझ्या नळीत जे तयार झालं ते तपकिरी, चिकट, काकवीसारखं. पण मामांनी अगोदरच कपाळ पुसलं होतं. मी उत्तरपत्रिकेत लिहिलं, "तेजस्वी केशरी-लाल रंग मिळाला." तेजस्वी हा शब्द तर माझ्या पदरचा. पैकीच्या पैकी गुण मिळाले. मला तेव्हा जराही वाईट वाटलं नाही. उलट एवढी छान भाषा आपल्याला सुचली याचं कौतुक वाटलं.

मग औरंगाबादला एम.एस्सी. केलं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात लागले. नाव लिहीत नाही, कारण चूक माझी आहे, कॉलेजची नाही. गाव कापसाचं. हंगामात जिनिंग कारखान्यातले कापसाचे तंतू हवेत तरंगत यायचे आणि आमच्या उघड्या बीकरमध्ये बसायचे. गाळणकागद संपला की आम्ही तोच कापूस नरसाळ्यात लावायचो. लग्न तोवर झालं होतं, रस न पाजता. मी परभणीहून रोज पॅसेंजरनं जायची.

नेमणूक एका वर्षाची होती. प्राचार्यांनी सांगितलं होतं, "वर्ष नीट काढा, तक्रार येऊ देऊ नका, मग कायम करू." मी चोवीस वर्षांची, अंगावर पांढरा ॲप्रन, डोळ्यांवर नसलेल्या नंबरचा चष्मा. पोरांनी ऐकावं म्हणून मुद्दाम घेतलेला. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत मुलांपुढं मी भाषण ठोकलं. "इथं जे दिसेल तेच लिहायचं. पुस्तकात काय आहे, शेजाऱ्यानं काय लिहिलंय, याच्याशी संबंध नाही. नळीत जे दिसलं, ते." मी टेबलावर हातसुद्धा आपटला. एक परीक्षानळी फुटली.

हे वाक्य मी फळ्याकडं तोंड केलेल्या माझ्या सरांकडून शंभरदा ऐकलं होतं. पोरांना मान डोलवायची सवय असते, ती डोलली.

इथले मामा म्हणजे किशनमामा. पन्नाशीचे, काटक, डोक्याला कायम पंचा. चौथी शिकलेले, पण बाटलीचं बूच उघडलं की नाकानं नाव सांगायचे. नवीन बाई लागल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. "बाया येत्यात, जात्यात. बर्नर तेवढा बंद करत जावा," असं त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.

वर्षाअखेर विद्यापीठाची परीक्षा आली. बाटल्या भरायचं काम माझं. कोणत्या नंबरात काय, त्याची यादीही माझीच. आमच्या साठ्याच्या कपाटात ॲसिडच्या बाटल्यांशेजारी बाकीच्या बरण्या असायच्या आणि वाफांनी त्यांची लेबलं खाऊन टाकली होती. मला तीन नंबरच्या बाटलीत सॅलिसिलिक ॲसिड भरायचं होतं. समोर दोन बरण्या, दोन्हींचं लेबल गळून पडलेलं, दोन्हींत पांढरे चकचकीत, मामांच्या नाकालाही न कळणारे स्फटिक. एकीत सॅलिसिलिक असणार, दुसरीत बेंझोइक.

किशनमामा म्हणाले, "बाई, जराशीक तपासून घ्या. दोन मिन्टाचं काम हाय."

मी चष्मा वर केला. "किशनमामा, मी एम.एस्सी. आहे. स्फटिक बघून ओळखते मी."

आणि ओळखले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. उंच, शांत, चहात साखर नको म्हणणारे. बारा विद्यार्थ्यांची तुकडी, तीन बाटल्या, प्रत्येक बाटली चौघांना. तीन नंबर ज्यांना आला त्यात तीन मुलं आणि एक मुलगी, कांचन. ती चारठाण्याची. जिंतूरमार्गे दोन गाड्या बदलून यायची, म्हणून वर्गात कायम दहा मिनिटं उशिरा, आणि मी कायम तिला उभं करायची. एकदाही विचारलं नाही की बाई, गाडी कितीला सुटते. बोलायची कमी. काचेची नळी मात्र अशी धरायची की जणू तिच्यात कुणाचा तरी जीव आहे.

किशनमामा बादली घेऊन फिरले. तीन नंबरवाल्यांपाशी येऊन त्यांनी गुडघा चोळला. सॅलिसिलिक ॲसिडची खूण गुडघा, कारण त्यापासून दुखण्यावरचं मलम होतं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला दिसत होतं. दरवर्षी सगळ्यांनाच दिसायचं.

दुपारी परीक्षकांनी उत्तरपत्रिका चाळायला घेतल्या. तीन नंबरच्या तिन्ही मुलांनी सॅलिसिलिक लिहिलं होतं. फेरिक क्लोराइड टाकल्यावर गडद जांभळा रंग आला, असं तिघांनीही नोंदवलं होतं. वितळायचा आकडा तिघांचाही एकशे अठ्ठावन्न, पुस्तकातला जसाच्या तसा. कांचननं लिहिलं होतं, बेंझोइक. जांभळा रंग नाही, बदामी साका. आकडा एकशे बावीस.

परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमची यादी काय म्हणते?"

"सॅलिसिलिक."

"मग ही मुलगी चुकली."

"हो सर," मी म्हणाले. "ती तशी उशिराच येते."

हे वाक्य मला अजून आठवतं. त्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, पण मी ते केवढ्या आत्मविश्वासानं म्हणाले होते.

त्यांनी कांचनला बोलावलं. ती ॲप्रनच्या टोकाला हात पुसत आली. मीच सुरुवात केली, "जांभळा रंग आला नाही म्हणतेस? बाकी तिघांना आला, तुलाच कसा नाही आला?"

"दोनदा केलं बाई. येतच न्हाई."

"थर्मामीटर बिघडलेला असेल तुझा."

"मलाबी तसंच वाटलं. म्हणून उकळत्या पाण्यात धरून बघितला. शंभरला एखादी डिग्री कमी दाखवायलाय, तेवढंच."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. कांचन खाली बघून पुढं म्हणाली, "आन् सर, मिथेनॉल टाकून तापवलं की मलमाचा वास यायला पायजे. आमच्या आज्याच्या गुडघ्याला मी रोज चोळते, मला तो वास ठाऊक हाय. हेला दुसराच वास येतोय. फळासारखा."

"जेवणाच्या सुट्टीनंतर बघू," परीक्षक म्हणाले. "ओळखायचे गुण गेले तर पास होणं अवघड आहे हं बाळ."

ती बाहेर गेली. मी डबा घेऊन साठ्याच्या खोलीत गेले. डबा उघडलाच नाही. आकडा एखाद्याचा चुकतो, दोघांचा चुकतो, पण मलमाचा वास चुकत नाही. तीन नंबरातली चिमूटभर पावडर घेतली, द्रावण केलं, उकळलं, गार केलं, फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले.

बदामी. स्वच्छ, सुंदर, पाठ्यपुस्तकात छापावा असा बदामी साका.

मागं किशनमामा उभे होते. त्यांनी नळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ओतून द्या बाई मोरीत," ते म्हणाले. "कोन बघितलंय?"

मी विचारलं, "ती कुठंय?"

"लिंबाखाली बसलीय. डबा सोडला न्हाई अजून. तिच्या चुलत्यानं सांगून ठेवलंय म्हनं, एक जरी विषय राहिला तर पुढचं बंद, जिथं सोयरीक ठरवतील तिथं जायचं. पोरं बोलायलीत. मी काय पदरचं सांगायलो न्हाई."

आता मी इथं लिहायला पाहिजे की माझा विवेक जागा झाला. तसं काही झालं नाही. आधी मी पूर्ण हिशेबीपणे विचार केला. ओतून दिलं तर कुणाला कळत नाही. यादी माझी, बाटली माझी, तीन साक्षीदार माझ्या बाजूनं, तेही जांभळ्या रंगाचे. सांगितलं तर परीक्षकांच्या अहवालात जाणार, प्राचार्यांपर्यंत पोचणार, आणि माझं कायम होणं गेलं. बाळंतपण चार महिन्यांवर होतं, घरात मग ह्यांची एकट्याची नोकरी उरणार. मी नळी मोरीपर्यंत नेलीही होती.

तिथं एकदम मला माझा तेजस्वी केशरी-लाल रंग आठवला. इतकी वर्षं तो मला गंमत वाटायचा. आता वाटलं, मी केशरी रंगाच्या जागी काकवी केली आणि पास झाले. या पोरीनं सगळं नीट केलं, थर्मामीटरसुद्धा तपासला, आणि ती नापास होणार. आणि ते करणार कोण, तर मी. मला स्वतःचा एवढा राग आला की डोळ्यांवरचा तो खोटा चष्मा आधी काढून ठेवला.

नळी हातात धरून मी हॉलमध्ये गेले. पणती विझू नये म्हणून चालतात तशी. परीक्षक दह्यात भात कालवत होते.

"सर, तीन नंबरची बाटली चुकलीय. बेंझोइकच आहे. मी न तपासता भरली."

त्यांनी नळी उजेडात धरली. मग शांतपणे भात संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "त्या तिघांना बोलवा."

तिघं आले, रांगेत उभे राहिले.

"जांभळा रंग आला होता?"

"हो सर."

"गडद?"

पहिला चाचरला. "तसा… मध्यम होता सर."

"परत करून दाखवा."

तिघांनी केलं. तिघांच्या नळ्यांत बदामी. पहिला नळी हलवत राहिला, जणू जांभळा तळाशी बसलाय. दुसरा म्हणाला, "सर, सकाळी फिकट आला होता." तिसरा, तो आमच्या गावच्या आडत्याचा मुलगा, बराच विचार करून म्हणाला, "सर, उनानं उडाला असंल."

परीक्षक हसले नाहीत. मी मात्र हसले, आणि मग लगेच रडले. त्या दिवसात दोन्ही फार जवळजवळ असायचं.

तिघांना नवी बाटली देऊन सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. मामा त्या वेळी हॉलमध्ये नव्हते, मी त्यांना मुद्दाम स्टेशनवर पाठवलं होतं. दोघं काठावर सुटले, एक राहिला. कांचनला ओळखायचे पूर्ण गुण मिळाले. परीक्षकांनी जाताना मला एवढंच सांगितलं, "बाई, अहवालात मला हे लिहावं लागेल." मी म्हटलं, "लिहा सर. जे दिसलं ते." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

प्राचार्यांनी लेखी खुलासा घेतला. कायम व्हायला एक वर्ष जास्त लागलं. एवढ्यावर भागलं.

पण किशनमामांचा राग काही जाईना. मला वाटलं, पोरांचं नुकसान झालं म्हणून रुसलेत. आठ दिवसांनी मीच विचारलं तर पंचा झटकत म्हणाले, "बाई, बावीस वर्सं झाली मला या खोलीत. एक इशारा चुकला न्हाई माझा. एक! पोरं दुसऱ्या गावाहून निरोप पाठवतेत, मामाचा शब्द म्हंजे शब्द. तुमच्या एका यादीनं माझी इज्जत घालवली. आडत्याचं पोरगं मला बाजारात म्हनलं, मामा, तुमचा गुडघा खोटा निघाला."

मी माफी मागितली. दुसरं काय करणार? पुढच्या वर्षापासून मामांनी माझ्या यादीवर विश्वास ठेवणं बंद केलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी घरी गेले की ते माझ्या सगळ्या बाटल्या एकेक करून स्वतः तपासायचे. फेरिक क्लोराइड, सोडा, वितळायचा आकडा, सगळं. खात्री पटली की मगच दुसऱ्या दिवशी कान खाजवायचे. मला हे कळलं तेव्हा मी काय करावं, कळेना. चोरी होती खरी, पण अख्ख्या कॉलेजात शास्त्र नीट करणारा तो एकटाच माणूस होता. दोनदा तर त्यांनी मला सकाळी सकाळी दारातच अडवलं, "बाई, पाच नंबर पुन्हा भरा. ओल धरलीय, आकडा खाली उतरलाय." मी गुपचूप पुन्हा भरली.

ही खाजवण्याची पद्धत मी मोडून काढली, असं लिहायला छान वाटलं असतं. नाही मोडली. प्रत्येक मुलाला वेगळी बाटली द्यायला लागले, नंबर आयत्या वेळी बदलायला लागले. मामांनी खुणा वाढवल्या. ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना शाल दिली आणि कानात विचारलं, "अनिलिनची खूण कोणती होती तुमची?" तर हसून कपाळ पुसलं. म्हणजे परभणीतही तेच आणि इथंही तेच. कोणत्या विद्यापीठानं हा अभ्यासक्रम ठरवला होता, देव जाणे.

मी मात्र तेव्हापासून एक केलं. पहिल्या दिवसाचं भाषण बंद. त्याऐवजी पहिल्या तासाला मी मुलांपुढं बर्फाशिवाय अनिलिनचा प्रयोग करून दाखवायची. तपकिरी काकवी व्हायची. विचारायची, "काय दिसलं?" पुस्तक वाचून आलेली निम्मी पोरं म्हणायची, "केशरी." मग नळी सगळ्यांच्या नाकापुढनं फिरवायची. चौतीस वर्षं हा खेळ केला. कधीतरी एखादी पोरगी मागच्या बाकावरनं म्हणायची, "बाई, हे तर काकवीवानी दिसतंय." तो दिवस माझा सोन्याचा.

कांचननं जिंतूरकडं शाळेत विज्ञान शिकवलं, आता तीही निवृत्त झालीय. दिवाळीला न चुकता फोन करते. गुडघ्याला मलम चोळायची वेळ माझ्यावर आलीय, त्यामुळं मला तिची आठवण रोजच येते. डबी उघडली की तोच वास. या वर्षी हा लेख लिहायचं ठरल्यावर मीच तिला फोन केला. म्हटलं, "तुझ्याबद्दल लिहू का?"

"लिहा की बाई. पर खरं सगळं लिहा मग."

"म्हणजे काय?"

ती थोडा वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "मामांनी गुडघा चोळलेला मीबी बघितला होता. आधी मीबी सॅलिसिलिकच लिहिलं. जांभळा रंगबी लिहिला. अर्धं पान झालं होतं."

मी उठून बसले. "मग?"

"मग ते पान खोडलं. लय भीती वाटली बाई. चुलत्याचं डोक्यात होतं. पर तुमी पहिल्या दिवशी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं न्हवं, जे दिसलं तेच लिहायचं? नळी फुटली होती बघा. मला वाटलं, बाई एवढ्या मोठ्या शिकल्याल्या, त्या कायम असंच करत असतील. आपुनबी करून बघावं."

पलीकडून तिनं दोनदा "बाई? ऐकू येतंय न्हवं?" म्हटलं.

"करत होता ना बाई तुमी?"

"हो तर," मी म्हटलं. "कायम."

पण तिनं सगळं खरं लिहा म्हणून सांगितलंय. तेव्हा इथं, जे झालं तेच लिहिते: कांचन, नव्हते करत. तुझ्यानंतर करायला लागले.